सुटलेला कोपरा

गुरुवारी सकाळी कुणाचं तरी कपाट इमारतीच्या दारात अडकलं, म्हणून रुमेनाला थांबावं लागलं. ती कचरा टाकून परतत होती. हातात रिकामी बादली होती, वर कॉफी मंद आचेवर होती. चौथ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड येत होतं. दोघे हमाल कपाट कधी आडवं धरत होते, कधी तिरकं, आणि निघतानाच मोजून घ्यायला हवं होतं हे एकमेकांना ऐकवत होते. "दोन मिनिटं, बाई," त्यातला जाडा म्हणाला. मग ती उभी राहिली. सोफियातल्या त्या आठ मजली इमारतीच्या दाराचा एक पल्ला कायम बंद असायचा आणि त्यावर कागद लावलेले असायचे. पाणी कधी जाणार, जिन्यातले दिवे कोणी बदलायचे, आणि काळ्या किनारीचे दुखवट्याचे कागद: कोण गेलं, कुणाला जाऊन चाळीस दिवस झाले, सहा महिने झाले, वर्ष झालं. असे कागद दारांवर, बसथांब्यांवर, झाडांच्या बुंध्यांवर सगळीकडेच असतात. प्रत्येकाकडे बघायचं म्हटलं तर माणूस कामावर पोचायचा नाही. आता उभं राहायलाच लागलं म्हणून तिची नजर एका कागदावर गेली. टोपी घातलेला, गालफडं वर आलेला एक माणूस. हा आपल्या ओळखीचा आहे, असं तिला वाटलं, आणि पुढच्या क्षणी हातातली बादली पायरीवर आपटली. राश्को दिमोव, काचवाला, कोतेल. वय एक्क्याण्णव. जाऊन एक वर्ष झालं. ते तिचे आजोबा होते.

कागद कालचा नव्हता. कडा दमट होऊन पिवळ्या पडल्या होत्या, खालच्या बाजूने तो थोडा फुगला होता. सोफियात लोक चिकटपट्टी लावतात. हा पिठाच्या खळीने डकवलेला होता, आणि खळ करून कागद डकवणारी एकच बाई तिला माहीत होती. यान्का मावशी. मावशी सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे येणार होती, हे तिने महिन्यापूर्वी फोनवर सांगितलं होतं. म्हणजे सोमवार. सोमवारी संध्याकाळी ती या दारातून आत गेली होती. मंगळवारी बाहेर, आत. बुधवारी बाहेर, आत, पुन्हा पावासाठी बाहेर, पुन्हा आत. तिने बोटांवर मोजलं आणि मोजणं मध्येच सोडलं. आजोबा चार दिवस दारात उभे होते आणि ती त्यांच्या नाकासमोरून जात-येत होती. त्याहून वाईट पुढेच होतं. नाव, गाव, वय छापलेलं होतं, आणि त्याखाली, जिथे दोन-चार ओळींची कविता असते, तिथे काहीच नव्हतं. चार बोटं उंचीची पांढरी जागा. छापणाऱ्याची चूक नव्हती ती. ती जागा कुणासाठी सोडली आहे, हे रुमेनाला लगेच कळलं. कपाट एकदाचं आत गेलं. जाडा म्हणाला, "झालं बाई, जा." ती तिथेच उभी राहिली. वर कॉफी उतू गेली असणार.

ट्रॉलीबसमध्ये जागा मिळाली तरी ती बसली नाही. कामावर ती औषधांच्या खोक्यांतल्या घड्या घातलेल्या पत्रकांची मुद्रितं तपासत असे. दिवसभर मुंगीएवढी अक्षरं. किती गोळ्या, कुणी घेऊ नयेत, काय काय त्रास होऊ शकतो. वीस वर्षं हेच. सुटीच्या दिवशी ती दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचायची नाही, डोळ्यांना विश्रांती म्हणून. आणि अक्षरं तिला कुणी शिकवली, तर त्याच माणसाने, असल्याच कागदांवरून. आईवडील सोफियात कारखान्यात होते, मुलीला ठेवायला जागा नव्हती, म्हणून पहिली सात वर्षं ती कोतेलला आजोबांकडे होती. आजी आधीच गेलेली. सकाळी आजोबा काचेची चौकट पाठीला बांधत, खिशात काच कापायची हिरकणी, डब्यात काच बसवायचं लुकण, आणि एका हातात ही. पाणवठ्याजवळच्या जुन्या लिंडेनच्या झाडापाशी ते थांबत. त्या झाडाच्या बुंध्यावर गावातल्या सगळ्या मेलेल्यांचे कागद असत. "यातलं कालचं अक्षर कुठे आहे ते दाखव," आजोबा म्हणत. ती दाखवायची. "शाबास. आता हे नवीन. हे पोट पुढे काढून चालणारं." पोट पुढे काढून चालणारं, कंबरेवर हात ठेवलेलं, शेपूट आवरून बसलेलं. रागावणं नाही, घाई नाही. एक अक्षर तीन दिवस आलं नाही तर चौथ्या दिवशी ते म्हणत, "त्याला वेळ लागतोय. आपण थांबू." चूक तिची नसायचीच, अक्षराचीच असायची.

पण अक्षरं हा खरा धडा नव्हताच. नाव लावून वाचता यायला लागल्यावर आजोबांनी नियम सांगितला. नाव वाचून पुढे जायचं नाही. त्या माणसाची एक तरी गोष्ट आठवेपर्यंत उभं राहायचं, आणि गोष्ट अशी हवी की जी कागदावर नाही. कागदावर तर सगळेच प्रामाणिक, सगळेच कष्टाळू, सगळ्यांचीच आठवण कायम. "इतके चांगले लोक मेले असतील तर उरलोय कोण?" ते विचारत आणि ती खदाखदा हसे. ती लहान होती, तिला कुणाचं काय माहीत असणार, म्हणून सुरुवातीला तेच सांगत. ही झ्लाता. हिची शिडी सगळ्या गल्लीची होती. परत आणून द्या असं तिने कधी म्हटलं नाही. शिडी आज कुणाकडे आहे हे विचारायला मात्र रोज यायची. हा पेत्को. दारू चढली की साऱ्या गावाला शिव्या द्यायचा, पण कुत्र्याला कधी नाही. एकदा सरकारी तपासनीसाचा कागद लागला होता. लोकांच्या घरातली दारू गाळायची तांब्याची भांडी जप्त करणारा माणूस. येणारे-जाणारे थांबायचे ते कागदावर थुंकण्यापुरतेच. आजोबा त्याच्यासमोर इतका वेळ उभे राहिले की टोपीवर बर्फ साचलं. तिचे पाय गारठले. "आजोबा, चला ना. याचं काहीच नाही." "थांब. वाईट माणसापाशी जास्त थांबावं लागतं, त्यांचं चांगलं पार तळाला गेलेलं असतं." शेवटी ते म्हणाले, "आठवलं. भांडं न्यायला यायचा तेव्हा पाय पुसून आत यायचा. तुझ्या आजीची फरशी त्याने कधी घाण केली नाही." आणि ते निघाले, एखादं काम पुरं केल्यासारखे.

त्याच हिवाळ्यात गावातल्या तुर्कांची मुसलमानी नावं बदलून बल्गेरियन करायचा हुकूम वरून आला होता. त्यांचे कागद आधी हिरव्या किनारीचे असत. ते एकाएकी दिसेनासे झाले. रुमेनाला त्यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं की एका सकाळी झाडावर काळ्या किनारीत कल्हईवाल्याचा फोटो होता, तोच ज्याच्या भट्टीपाशी ती हात शेकत असे, आणि तिने मोठ्याने, अडखळत नाव वाचलं: मि-हा-ईल. आजोबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पाणवठ्यावर दोन बायका होत्या, आणि चौकीचा शिपाई बादली भरत होता. "तू बरोबर वाचलंस," आजोबा म्हणाले, नेहमीच्याच आवाजात, हळू नाही. "कागद चुकलाय. हा मेहमेद. मेहमेद भांडं परत देताना त्यात अक्रोड टाकायचा. रिकामं भांडं देऊ नये म्हणायचा." शिपायाने बादली उचलली आणि काही न ऐकल्यासारखा निघून गेला. घरी येईपर्यंत आजोबांनी तिचा हात नेहमीपेक्षा घट्ट धरला होता, आणि तो हात ओला होता. मोठेपणी तिला कळलं की ते घाबरले होते. घाबरलेला माणूसही नेहमीच्या आवाजात बोलू शकतो, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं, पण दिसलं होतं. सोफियातल्या शाळेत ती दाखल झाली तेव्हा वर्गात सगळ्यांच्या आधी वाचत होती. कुठे शिकलीस, म्हणून बाईंनी विचारलं. झाडावर, असं तिने सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून तिने ते कुणाला सांगितलं नाही. उभं राहणंही तेव्हापासूनच कमी होत गेलं असावं. शहरात एका दारावर पाच पाच कागद, आणि पाचांतला एकही ओळखीचा नाही. माहीत नसेल तर त्यांच्या घरी जाऊन विचारायचं, हाही नियमच होता. पण सोफियात कोण कुणाच्या दाराची घंटी वाजवतं?

दुपारी तिने जिन्यात जाऊन फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बोल."

"मावशी, मी रुमेना."

"नाव दिसतं फोनवर. चार दिवस."

"काय?"

"चार दिवस लागले तुला. मी म्हटलं मंगळवारी करशील. तुझ्या काकांनी शुक्रवार सांगितला होता. निदान त्यांना तरी हरवलंस."

"मावशी, तू सोफियात येऊन वर आली नाहीस?"

"तू घरी नव्हतीस. आणि मी कॉफी प्यायला आले नव्हते, कागद लावायला आले होते. तू राहतेस तिथे कागद लावायला नको? नात ना तू?"

पलीकडे मावशी काहीतरी निवडत होती; ताटलीत दाणे पडल्याचा आवाज येत होता.

"ती मोकळी जागा," रुमेना म्हणाली.

"ती तुझी जागा. छापखानेवाल्याकडे चौतीस कविता आहेत. नंबर सांगा म्हणतो, लगेच छापतो. चाळीस दिवसांना मी सात नंबर घेतला, सहा महिन्यांना एकोणीस. बाबांनी त्या वाचल्या असत्या तर पुन्हा मेले असते. तुला दोन्ही वेळा विचारलं. तू काय म्हणालीस?"

"करते म्हणाले."

"करते म्हणालीस. म्हणून या खेपेला म्हटलं, सोडा मोकळी. गावात बारा ठिकाणी कागद लागलाय. बाराही ठिकाणी लोक विचारतात, यान्का, शाई संपली का गं? मी सांगते, सोफियाहून यायची आहे." मावशीचा आवाज जरा खाली आला. "रुमे, मी ओळ लिहू शकले असते. पण झाडाखाली मला कधी नेलं नाही त्यांनी. माझ्या वेळी त्यांना वेळ नव्हता, दोन-दोन कामं करायचे. तुला नेलं. तू चाळीस दिवसांना आली नाहीस, सहा महिन्यांना आली नाहीस. या शनिवारीही तू येणार नाहीस, मला माहीत आहे, तुझं काम असेल. थडग्यापाशी वाटायचे गहू भिजत घातलेत, साखर, अक्रोड सगळं आहे, तुझ्यावाचून काही अडत नाही. पण शनिवारी सगळं गाव त्यांच्यापाशी जमणार आहे. तेव्हा माझा बाप कोरा राहायला नको."

"शनिवारच्या आत सांगते."

"सांग. आणि काहीतरी खा, आवाज उपाशी वाटतोय." फोन ठेवला गेला.

काम नव्हतं. चाळीस दिवसांनाही नव्हतं. अंत्यविधीला ती सकाळी गेली आणि संध्याकाळच्या बसने परतली. त्या बसमध्येच तिला कळलं होतं की आपण का पळतोय. ती साडेसहा वर्षांची असताना एकदा झाडाखाली तिने विचारलं होतं, "आजोबा, तुमचा कागद लागेल तेव्हा?" "तेव्हा तू उभी राहा." "आणि तुमची कुठली गोष्ट आठवू?" आजोबा हसले होते. "ते मी कसं सांगू? मी सांगितलं तर ती कॉपी झाली." तिला वाटलं होतं, त्यात काय, यांच्या तर शंभर गोष्टी आहेत. आता वर्षभर ती शोधत होती आणि एकही धरवत नव्हती. तिने सात-आठ लिहिल्या, सात-आठ फाडल्या. सगळ्या कोतेलला काचा बसवल्या. पण ते कागदावर आहेच, काचवाला म्हणून. प्रामाणिक, सरळ; ते चौतीसांपैकी कुठल्याही नंबरात असेल. मला वाचायला शिकवलं. पण ती माझी गोष्ट झाली, त्यांची नाही. मेहमेदचं नाव मोठ्याने घेतलं. हे खरं होतं, मोठं होतं, पण आजोबांनीच नाक मुरडलं असतं. मोठी गोष्ट कुणालाही आठवते, ते म्हणायचे, गारपीट कुणालाही आठवते. छपरावर रोज काय पडतं ते सांग. तिला भीती वाटत होती ती आजोबांना विसरण्याची नव्हती. त्यांचा चेहरा, खोकला, लुकणाचा तेलकट वास, सगळं जागच्या जागी होतं. भीती याची होती की ते ज्या एका कामासाठी तिला इतके हिवाळे थंडीत उभं करत होते, ते काम तिला येत नव्हतं. शिकवणाऱ्याने जीव ओतावा आणि हाती काही लागू नये, तसं. तिने समोरच्या मुद्रितावर अंगठा ठेवला आणि उचलला. अंगठ्याला पांढरट काहीतरी वाळून चिकटलं होतं, सालपटासारखं. कालही होतं. परवाही असंच काहीतरी तिने नखाने खरवडून काढलं होतं आणि कुठून लागलं असेल म्हणून साबणाने हात धुतले होते. आताही तिने ते खरवडलं, आणि गोळ्या किती वेळा घ्यायच्या ते वाचायला लागली.

संध्याकाळी सहाला ती परतली तेव्हा तळमजल्यावरच्या खिडकीत आर्गीरकाका बसले होते. आयुष्यभर ट्राम चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर खिडकीची काच समोर घेऊन बसायची सवय सुटली नव्हती. इमारतीचे दिवे, नळ, भांडणं सगळं तेच बघत. ती दारापाशी थांबलेली पाहून त्यांनी खिडकी उघडली.

"तुझे आजोबा का ते?"

"हो."

"देव त्यांना क्षमा करो."

"देव क्षमा करो." मग तिला राहवलं नाही. "काका, मला लाज वाटते. सोमवारपासून कागद इथे आहे आणि मी आज पाहिला. तेसुद्धा त्या कपाटामुळे."

आर्गीरकाकांनी चष्मा वर केला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी बघितलाच नव्हता."

"मग दाबत कशाला होतीस?"

"काय दाबत होते?"

"कोपरा. तो खालचा, उजवीकडचा. ती बाई खळीने डकवून गेली, आणि इथे दमट हवा. सोमवारी रात्रीच तो सुटला. मंगळवारी सकाळी तू आलीस, घाईत होतीस, पिशवी या खांद्यावर. अंगठ्याने कोपरा दाबलास आणि गेलीस. संध्याकाळी पुन्हा सुटला, पुन्हा दाबलास. काल तर पाव घेऊन येताना पाव काखेत धरून दाबलास. मी माझ्या बायकोला म्हटलं, या पोरीचं कुणीतरी आहे ते. आडनाव वेगळं आहे, पण आहे." ते थांबले. "आणि फक्त तोच नाही म्हणा. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीचा कागद होता उन्हाळ्यात, तोही दाबायचीस. पाण्याच्या नोटिशीचासुद्धा दाबतेस. मला वाटलं, स्वच्छतेची आवड असेल."

रुमेनाने आपला अंगठा पाहिला. खळ. पिठाची वाळलेली खळ. आणि एकाएकी तिला झाड नाही दिसलं, कागद नाही, कुठलं अक्षर नाही. आजोबांचा अंगठा दिसला. काचेच्या कडेने लुकण दाबून दाबून चपटा झालेला, चमच्यासारखा, नख आडवं वाढलेलं. त्या अंगठ्याच्या उंचीवरच तर तिचं सगळं बालपण गेलं होतं. झाडापाशी आले की पहिलं काम ते. वाचायच्या आधी, टोपी काढायच्याही आधी. वाऱ्याने कागद फडफडत असले की ते एक एक कोपरा हुडकून अंगठ्याने दाबत, धरून ठेवत, दहा अंक मोजावेत इतका वेळ, काचेच्या कोपऱ्यात लुकण बसवताना धरत तसं. अगदीच सुटलेला असला तर खोकल्याच्या गोळ्यांच्या जुन्या डबीतून टाचणी काढत. ओळखीचे, अनोळखी, काळ्या किनारीचे, हिरव्या किनारीचे. तपासनीसाचाही दाबला होता, थुंकी पुसून. "का दाबता?" तिने विचारलं असेलच कधीतरी, ती सगळंच विचारायची. "सुटलाय म्हणून," ते म्हणाले असतील. शिकवायच्या गोष्टी त्यांनी शिकवल्या होत्या, नियम घालून, रोज. ही त्यांनी कधी शिकवली नाही. म्हणूनच ती आठवणीत सापडत नव्हती. ती आठवणीत गेलीच नव्हती, सरळ हातात गेली होती.

"काका, पेन आहे?" ती म्हणाली.

"पेन कशाला? शाई पावसात ओघळते." आर्गीरकाका आत गेले आणि सुताराची असते तशी जाड शिशाची पेन्सिल घेऊन आले. "ट्रामच्या डब्यांवर खुणा करायचो हिने. वीस वर्षं गेलं नाही लिहिलेलं."

तिने कागद डाव्या हाताने धरला आणि त्या पांढऱ्या जागेत लिहिलं. अक्षरं मोठी आली, पहिलीतल्या मुलीसारखी, कारण दार उभं होतं आणि पेन्सिल जाड. आर्गीरकाका खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि त्यांनी मोठ्याने, ट्रामचे थांबे सांगत तशा आवाजात, वाचलं: "सुटलेला कोपरा दिसला की हा अंगठ्याने दाबून बसवायचा. कागद कुणाचाही असो." मग म्हणाले, "कुणाचाही?"

"कुणाचाही."

"हं," आर्गीरकाका म्हणाले, आणि खिडकी लावायची सोडून तसेच उभे राहिले.

जिना चढता चढता तिने मावशीला फोन करून ओळ वाचून दाखवली. पलीकडे मावशीने नाक ओढलं. "आमच्या घरातल्या चादरीचे कोपरेसुद्धा दाबत फिरायचे. आईचं भांडण व्हायचं त्यावरून." आणि लगेच नेहमीचा आवाज. "बरं. बारा ठिकाणी लिहायचं आहे आणि माझ्या डोळ्यांत डॉक्टरने कसलेसे थेंब घातलेत, मला जवळचं दिसत नाही. तुझ्या काकांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. तेव्हा उद्याची सकाळची बस पकड."

"डोळ्यांना काय झालंय तुझ्या?"

"काही नाही. बस साडेसातला आहे. पेन्सिल आण."

शुक्रवारी दुपारी कोतेलच्या थांब्यावर मावशी एप्रनवरच उभी होती, ओठ घट्ट मिटून. "आलीस," ती म्हणाली, आणि रुमेनाच्या हातात गरम पोळीचा तुकडा ठेवला, कागदात गुंडाळलेला, लहानपणी ठेवायची तसाच. तिच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. पिशवीवर पडलेला एकुलता एक गव्हाचा दाणा तिने दोन हातांवरून पाहिला आणि उचलला. रुमेनाने ते पाहिलं आणि पोळीचा घास घेतला. शाळेची भिंत, बेकरी, टपालकचेरी, चर्चचं दार, खालच्या मोहल्ल्यातल्या मशिदीजवळचा खांब. प्रत्येक ठिकाणी ती तीच ओळ लिहीत गेली आणि प्रत्येक ठिकाणी अक्षर जरा बरं आलं. बेकरीवालीने हात पुसत बाहेर येऊन वाचलं आणि म्हणाली, "अगं हो, खरंच की. माझ्या सासूबाईंचा कागद होता तेव्हा..." आणि पुढचं न बोलता आत जाऊन त्यांना दोन गोड पाव घेऊन आली. खांबापाशी एक म्हातारा तुर्क काठीवर भार देऊन उभा होता. त्याने ओळ वाचली. मग आपल्या अंगठ्याने कोपरा दाबला, आणि "मेहमेदच्या मुलाने दाबला म्हणून राश्कोला आनंद होईल," असं सहज म्हणून तो निघून गेला.

बारावा कागद पाणवठ्याजवळच्या लिंडेनवर होता. पानं बहुतेक गळली होती. मावशी म्हणाली, "हा तू एकटीच लिही. मला गहू उकडायचेत." ती गेल्यावर रुमेनाने शेवटची ओळ लिहिली, पेन्सिल खिशात टाकली आणि उभी राहिली. वर्षभर ज्या थांबण्याची तिला धास्ती होती, ते तसं काही अवघड नव्हतं. गार वारा होता, पाणवठ्याचं पाणी पडत होतं. आजोबा टोपी घालून समोर बघत होते, ती अक्षर ओळखेपर्यंत बघायचे तसे.

बाजूलाच दुसरा एक कागद होता, चाळीस दिवसांचा. त्याचा कोपरा सुटून फडफडत होता. तिचा हात गेला, अंगठा टेकला. आणि या खेपेला अंगठा तिकडे जाताना तिने पाहिला. तिने मनात दहा अंक मोजले. मग नाव वाचलं. वेला कोस्तोवा, वय अठ्ठ्याहत्तर. गोल चेहरा, डोक्याला रुमाल, फोटो काढणाऱ्यावर किंचित रागावलेली. रुमेना थांबली. ही झ्लातासारखी, बेकरीवालीसारखी ओळखीची नव्हती. काहीच आठवेना, आठवण्यासारखं काही नव्हतंच. ही बाई तिने जन्मात पाहिली नव्हती. कागदाच्या तळाशी घराचा पत्ता होता. वरची गल्ली, पाणवठ्यापासून तिसरं घर.

ती गल्ली चढून गेली. तिसऱ्या घराच्या अंगणात तिच्याच वयाचा एक माणूस वेलावरच्या उरल्यासुरल्या द्राक्षांचे घोस उतरवत होता. फाटकाशी अनोळखी बाई पाहून तो शिडीवरच थांबला.

"कोण पाहिजे?"

"वेला कोस्तोवा तुमच्या कोण?" रुमेना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच आला, तरी तळवा ओला झाला होता.

"आई."

"देव त्यांना क्षमा करो. मी राश्को काचवाल्याची नात. तुमच्या आईची एक गोष्ट विचारायला आले. कागदावर नाही अशी."

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. मग कात्री खिशात ठेवून तो शिडीवरून हळूहळू खाली उतरला, आणि फाटकाची कडी काढता काढताच हसायला लागला. "एकच?" तो म्हणाला. "या, बसा. एकच कुठली सांगू?"